फौतीची ओळ : परभणी जिल्ह्यातील जुन्या मृत्यूनोंदी आणि घराण्याचा शोध

परभणी जिल्ह्यातल्या शेतकरी किंवा बलुतेदार घराण्याची वंशावळ चौथ्या-पाचव्या पिढीपलीकडे न्यायची म्हटली, की आधार बहुधा मृत्यूच्या नोंदींचाच सापडतो. जन्माची नोंद झालीच तर मुख्यतः पत्रिका मांडणाऱ्या जोशाकडे होई, लग्नाची आहेराच्या यादीपलीकडे क्वचितच जाई. मृत्यूचे तसे नव्हते. माणूस गेला की शेताचा सारा कुणाच्या नावे लावायचा हा प्रश्न सरकारला पडे. साथ तर आली नाही ना, हे तालुक्याच्या कचेरीला कळायला हवे असे. वतन कुणाकडे जायचे यावरून भाऊबंदकी उभी राही, आणि अस्थी घेऊन क्षेत्राच्या ठिकाणी गेलेल्या मुलाला तिथला उपाध्या आजा-पणजाचे नाव विचारी. त्यामुळे एकाच मृत्यूच्या खुणा तीन-चार ठिकाणी उमटत. प्रत्येक ठिकाणी लिहिणारा वेगळा, लिपी वेगळी, कालगणनाही वेगळी. यातली एकही ओळ घराण्याच्या इतिहासासाठी लिहिलेली नाही. ती कुणाच्या कामासाठी लिहिली गेली हे आधी ओळखले, तरच ती खरे सांगते.

युरोपात हे काम चर्चने केले. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम झाला, आणि तिथली घराणी आजही त्या वह्यांवरून आपली मुळे शोधतात. जुन्या परभणी जिल्ह्यात अशी चर्चची वही मुख्यतः हिंगोलीच्या छावणीपुरती होती. तिचा विचार पुढे येईल. बाकी सगळ्या मुलखात तिची जागा पाटील-पटवाऱ्याच्या दप्तराने आणि तीर्थोपाध्यांच्या वह्यांनी भरून काढली.

परभणी हा निजामाच्या राज्यातला जिल्हा. राज्याचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत वाटणी केली, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार हा मुख्य अधिकारी नेमला, आणि तेव्हापासून दप्तराला काही एक शिस्त लागली. वरच्या कचेऱ्यांची भाषा फारसी होती; १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावात मात्र मराठीच चाले. गावाचा कारभार तिघांकडे असे : साऱ्याची वसुली माली पाटलाकडे, बंदोबस्त आणि जन्ममृत्यूची वर्दी पोलीस पाटलाकडे, आणि लेखणी पटवाऱ्याकडे. मराठवाड्यात हा पटवारी बहुधा वंशपरंपरेचा कुलकर्णी. म्हणून गावातली मूळ ओळ मोडीत आणि तालुक्याला गेलेला तिचा गोषवारा उर्दूत, अशी विभागणी पडली. एकाच माणसाचा मृत्यू दोन लिप्यांत सापडला, तर ती अडचण समजू नये. एका लिपीत जे हरवते ते दुसरीत बरेचदा शाबूत राहते.

या साखळीचा पहिला दुवा कागदावर दिसत नाही. घरात माणूस गेल्याची वर्दी पाटलाकडे नेणे, परगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोहोचवणे, सरणाची लाकडे फोडणे ही कामे जातीने महारांच्या माथी मारलेली होती. ज्यांच्या पायपिटीवर ही नोंद उभी राहिली, त्यांचीच नावे नोंदीत अनेकदा अर्धवट असतात : बापाचे नाव गाळलेले, आणि रामजीचा ‘राम्या’ केलेला. दलित घराण्यांचा शोध यामुळे अधिक कष्टाचा होतो. तिथे एकट्या नावावर विसंबून चालत नाही. गाव, वतनाचा हिस्सा आणि जमिनीचा तुकडा यांची सांगड घालून माणूस ओळखावा लागतो.

गावच्या वहीत रकाने साधारण ठरलेले : तारीख, मयताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय, मृत्यूचे कारण. ही वही महसूल दप्तरात ‘गाव नमुना १४’ या नावाने ओळखली जाते, वऱ्हाडात तिलाच कोतवाल बुक म्हणतात. इथे एक गफलत नेहमी होते. आजच्या तलाठी दप्तरात गाव नमुना १४ हा क्रमांक पाणीपुरवठ्याच्या साधनांच्या नोंदवहीचा आहे. त्यामुळे अभिलेख कक्षात नुसता क्रमांक सांगितला तर भलतेच दप्तर समोर येते. ‘जुने जन्म-मृत्यू रजिस्टर’ असे स्पष्ट म्हणावे.

नमुन्यादाखल एक ओळ घ्यावी : ‘मुंजाजी वलद ग्यानोजी, कौम माळी, साकिन मौजे पिंपरी, उमर ६०, बुखार’. यात वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. जुन्या मोडी कागदांत त्याच जागी ‘बिन’ येते. बाईच्या नावापुढे ‘जौजे’ किंवा ‘भ्रतार’ आले तर नंतरचे नाव नवऱ्याचे. ‘बेवा’ असेल तर नवरा आधीच वारलेला. कौम म्हणजे जात, साकिन म्हणजे राहणार. ‘उमर ६०’ मात्र शब्दशः घेऊ नये. वय कुणी मोजलेले नसे. सांगणाऱ्याने साठीचा म्हटले, पटवाऱ्याने साठ लिहिले. चाळीस, पन्नास, साठ असे दहाच्या पटीतले आकडे पानोपानी दिसतात, आणि त्यांत पाच-दहा वर्षांचा फरक धरूनच पुढचे गणित मांडावे. ‘मौजे पिंपरी’ हीही पुरेशी ओळख नव्हे. पिंपरी, टाकळी, पिंपळगाव ही नावे तालुक्यातालुक्यात आहेत. म्हणूनच पिंपरी देशमुख, टाकळी कुंभकर्ण अशी जोडनावे पडली, किंवा खुर्द आणि बुद्रुक अशी वाटणी झाली. नोंदीत हे जोडनाव गळाले असेल, तर त्याच वहीच्या पहिल्या पानावर किंवा शेवटच्या बेरजेजवळ पूर्ण नाव मिळण्याची शक्यता असते.

मोडी वाचायला बसणाऱ्याची पहिली अडचण अक्षरांची नसते, ती शब्द तोडण्याची असते. या लिपीत आधी आडवी रेघ आखतात आणि अक्षरे तिला लागून हात न उचलता जातात. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शिवाय नेहमीचे शब्द पूर्ण लिहीत नाहीत. मौजे, परगणे, तालुके, राजश्री, बिन यांचे पहिले अक्षर लिहून पुढे दोन उभे दंड दिले की झाले. हे संक्षेप ठाऊक नसतील तर ते नावाचाच भाग वाटतात आणि माणसाचे नाव बिघडते. यावर जाणकारांची रीत साधी आहे. प्रत्येक पटवाऱ्याचे हस्ताक्षर वेगळे, पण त्याच्या वहीत गावाचे नाव, ‘मौजे’, ‘वलद’, महिन्यांची आणि रोगांची नावे पानोपानी येतात. आधी एवढेच शब्द ओळखावेत, त्यांतली अक्षरे सुटी करून त्या हाताची वेगळी बाराखडी मांडावी, आणि मग माणसांच्या नावांकडे वळावे. आपल्याला हवे ते नाव आधी धरून वही चाळणाऱ्याला ते नाव हव्या त्या ठिकाणी दिसू लागते.

उर्दू नोंदींची अडचण वेगळी आणि अधिक फसवी. कचेरीतले कारकून घाईच्या शिकस्ता वळणात लिहीत आणि नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, सर्रास गाळत. त्या लिपीत ब, प, त, न आणि य ही अक्षरे शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकाच आकाराची असतात. फरक फक्त ठिपक्यांचा. एक ठिपका खाली दिला तर ब, तीन दिले तर प. वर एक दिला तर न, दोन दिले तर त. ‘बाबाजी’ आणि ‘नानाजी’ ही दोन नावे लिहून त्यांचे ठिपके पुसले, तर उरणारा आकार तंतोतंत सारखा. ज आणि च यांचेही तसेच. त्यात भर म्हणजे ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत, आणि एकच वाव हे अक्षर ओ, ऊ आणि व या तिन्ही ठिकाणी येते. सोनाजी की सूनाजी हे कागद सांगत नाही. मराठीतल्या ण आणि ळ यांना उर्दूत स्वतंत्र अक्षर नसल्याने ते न आणि ल होऊन बसतात. म्हणून उर्दू नोंदीतले नाव म्हणजे शक्यतांची एक यादी समजावी. तीतले कोणते नाव त्या घरात चालत होते हे दुसऱ्या कागदावरून, मोडी वहीवरून किंवा घरातल्या आठवणीवरून ठरवावे.

आकड्यांतही सापळे आहेत. उर्दू लिखाणात शून्य हा नुसता ठिपका असतो आणि पाचाचा आकडा गोल असतो. मराठी डोळ्याला तो गोल शून्य वाटतो, आणि खरे शून्य शाईचा डाग समजून सोडून दिले जाते. वय पन्नास लिहिलेला माणूस अशा वाचनात तान्हे मूल ठरतो. दोन आणि तीन या आकड्यांतही फरक एका छोट्या वेलांटीचा आहे. हिशेबी कागदांत तर रकमा ‘रकमी’ पद्धतीने, अरबी संख्याशब्दांच्या आखूड खुणांनी लिहिलेल्या असतात. त्या वाचणारे आता फार थोडे उरले आहेत. सुदैवाने मृत्यूच्या नोंदीत त्यांचे काम कमी पडते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या साल काढताना. निजामाच्या कचेऱ्यांत फसली सन चाले. त्याचे वर्ष आजुर महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. पुढचे महिने इराणी नावांचे : दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर आणि शेवटी आबान. या वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या काळासाठी फसली सनात ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ५९१. सरसकट ५९० मिळवणारा नऊ महिन्यांच्या नोंदी एका वर्षाने मागे टाकतो. इंग्रजी मुलखातली दक्षिणी फसली याहून निराळी होती. तिचे वर्ष मृगाला, म्हणजे जूनमध्ये बदले. त्यामुळे अहमदनगर किंवा सोलापूरकडच्या सोयऱ्यांच्या कागदातला फसली सन आणि परभणीचा फसली सन आकड्याने एक असला, तरी महिने जुळतीलच असे नाही.

साल काढण्यातल्या अशा चुकीचे सगळ्यात बोलके उदाहरण १९१८ चे आहे. त्या वर्षी आलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीला महाराष्ट्रात लोकांनी मानमोडी म्हटले. तिचा जबर तडाखा सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत बसला, आणि नेमक्या त्याच दिवसांत फसली वर्ष १३२७ संपून १३२८ लागले. घरातला कर्ता सप्टेंबरअखेर गेला असेल तर त्याची नोंद आबान १३२७ मध्ये पडते; पंधरा दिवसांनी गेलेल्या बायकोची आजुर १३२८ मध्ये. नुसते साल पाहणाऱ्याला दोघांच्या मृत्यूत वर्षभराचे अंतर दिसते आणि एकाच साथीने घर बसले ही गोष्ट निसटते. महिना पाहिला की ती लगेच कळते.

तसेच १८९९-१९०० च्या दुष्काळाचे. ते वर्ष उत्तरेकडच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत संवत १९५६ म्हणून येते, जोशाच्या कागदात शके १८२१ म्हणून, कचेरीच्या दप्तरात फसली १३०९ म्हणून, आणि मशिदीतल्या किंवा दर्ग्यातल्या कागदात हिजरी १३१७ म्हणून. जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ८ लाख होती, ती १९०१ च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आत आली. त्या दशकातल्या मृत्यूनोंदी दाट असायला हव्या होत्या. पण दुष्काळात माणसे गाव सोडून जातात आणि वाटेत मरतात. त्यांची नोंद ना मूळ गावात होते, ना मरणाच्या जागी. एखाद्या घराण्याची एक अख्खी शाखा १९०० च्या आसपास कागदांतून एकाएकी नाहीशी होते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते. तिला निर्वंश समजण्याआधी शेजारच्या जिल्ह्यांत आणि रेल्वेच्या कामांवर गेलेल्या माणसांत तिचा शोध घ्यावा.

मृत्यूच्या कारणाचा रकाना वैद्यकीय नाही. पाटलाला रोग ओळखता येत नसे आणि सरकारलाही साथीपुरतीच उत्सुकता होती. म्हणून मोजकेच शब्द फिरून फिरून येतात. पटकी, मरी किंवा हैजा हे कॉलऱ्याचे. देवी किंवा चेचक हे एकाच रोगाचे. गाठीचा ताप किंवा ताऊन म्हणजे प्लेग. पेचिश म्हणजे आव-हगवण. उरलेले सगळे ‘ताप’ किंवा ‘बुखार’. क्षय, हिवताप, बाळंतरोग, म्हातारपण, सगळे त्या एका शब्दात जाते. बुखार या शब्दावरून एका मृत्यूचे काही ठरत नाही. पण पंधरवड्यात एका गावात वीस ‘बुखार’ दिसले, तर तिथे साथ होती एवढे नक्की म्हणता येते. त्यासाठी आपल्या माणसाची एक ओळ न पाहता आजूबाजूची चार पाने पाहावी लागतात. लेकुरवाळ्या वयातल्या बाईच्या नोंदीखाली आठ-दहा दिवसांत त्याच घरातल्या अनामिक ‘मूल’ची नोंद आली, तर तिथे कारणाचा रकाना वाचण्याची गरजच उरत नाही.

नावे स्वतःही पुष्कळ सांगतात. आधीची मुले जगली नाहीत की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरबा असे ठेवण्याची रीत होती. यमाची नजर पडू नये हा हेतू. मूळ पुरुषाचे नाव दगडू असेल तर त्याच्या आधी दफन झालेली भावंडे होती असे धरायला हरकत नाही, मग ती कुठल्याही वहीत नसोत. नातवाला आज्याचे नाव देण्याच्या चालीमुळे मुंजाजी वलद ग्यानोजी आणि ग्यानोजी वलद मुंजाजी ही जोडी शंभर वर्षांत तीनदा आलटून-पालटून येते. परभणी भागात मुंजाजी हे नाव मुळातच घरोघर. अशा वेळी दोन मृत्यूंमध्ये किमान एका पिढीचे अंतर आहे की नाही हे तपासल्याशिवाय दोन माणसांची गाठ मारू नये. बायकांच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. लग्नानंतर नाव बदलले, की माहेरची सोनाबाई सासरच्या वहीत दुसऱ्याच नावाने मरते. आडनाव तर बऱ्याच कुटुंबांत विसाव्या शतकातच कागदावर स्थिरावले. त्याआधी ‘पाटील’ हे हुद्द्याचे नाव आणि ‘अमुककर’ हे गावाचे.

जिथे मृत्यूची वही मिळत नाही, तिथे वारसाचा कागद मदतीला येतो. वतनदार किंवा इनामदार फौत झाला की ‘विरासत’ मंजूर करून घ्यावी लागे. त्या मिसलीत, म्हणजे प्रकरणाच्या कागदांत, मयताचे नाव, वारसांची यादी, अनेकदा दोन-तीन पिढ्यांची वंशावळ आणि तक्रार करणाऱ्या भाऊबंदांचे जबाब असतात. भांडण जितके कडवट, तितकी वंशावळ तपशीलवार, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मात्र अशा वंशावळीत हक्क सांगणाऱ्या शाखेला झुकते माप असते आणि मुली बहुधा वगळलेल्या असतात. साध्या रयतेच्या जमिनीचे हक्क हैदराबाद राज्यात पद्धतशीर नोंदवले जाऊ लागले ते फसली १३५८ म्हणजे १९४८-४९ च्या कायद्यानंतर. त्यामुळे शेतकरी घराण्याला १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर आणि त्या दशकातली खासरा व पाहणी पत्रके ही पहिली भक्कम पायरी ठरते. १९५१ च्या रजिस्टरमध्ये घरवार माणसांची नावे आहेत. त्यात जो नाही, तो त्याआधी गेला किंवा गाव सोडून गेला, एवढे तरी त्यातून कळते. जहागिरीच्या गावांचे दप्तर १९४९ मध्ये जहागिरी खालसा होईपर्यंत जहागीरदाराच्या कचेरीत असे, आणि ते सरकारजमा होताना सगळे आले असे मानता येत नाही.

सरकारी कागदाला जे नको होते, ते तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आहे. परभणीकरांचे अस्थिविसर्जनाचे जवळचे ठिकाण म्हणजे संत जनाबाईंचे गंगाखेड, तिथली गोदावरी. ज्याला ऐपत असे तो पैठण, नाशिक-त्र्यंबकेश्वर किंवा थेट प्रयाग, काशी, गया गाठी. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातली रेल्वे परभणीवरून मनमाडपर्यंत पोहोचली आणि नाशिकची व उत्तरेची यात्रा सोपी झाली. क्षेत्राच्या ठिकाणी प्रत्येक मुलखाचा आणि ज्ञातीचा उपाध्या ठरलेला असे. तो यजमानाच्या तोंडून बापाचे, आज्याचे, पणज्याचे, भावांचे, मुलांचे नाव लिहून घेई, किंवा यजमानालाच लेख लिहायला लावी. या वह्यांचा हेतू उघड होता. पुढच्या पिढीतला कुणी आला की हे कुळ आमचे, हे सिद्ध करून दक्षिणेचा हक्क राखायचा. पण त्या हेतूमुळेच नोंद अचूक ठेवणे उपाध्याच्या फायद्याचे होते. बायकांची नावेही इथे सरकारी दप्तरापेक्षा अधिक सापडतात, कारण पिंडदानाला आई, आजी, पणजी यांची नावे घ्यावीच लागतात.

या वह्या वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, वहीवरची तारीख यात्रेची असते, मृत्यूची नसते. बापाच्या अस्थी घेऊन आलेला मुलगा महिन्याभरात आलेला असेल, पण गयेला श्राद्धासाठी आलेला वीस वर्षांनीही आलेला असू शकतो. दुसरी गोष्ट पंचांगाची. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्हीकडे एकच नाव, वद्य पक्षात मात्र उत्तरेचा महिना एकाने पुढे. आळंदीची आपली कार्तिक वद्य एकादशी ही काशीच्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण एकादशी असते. प्रयागच्या पंड्याने लिहिलेली तिथी जशीच्या तशी घरच्या श्राद्धतिथीशी ताडली, तर ती महिन्याने चुकते आणि माणूसच दुसरा असे वाटू लागते. उलट हा फरक ध्यानात ठेवला, तर घरात चालत आलेली श्राद्धतिथी हा मोठा पुरावा ठरतो. कुटुंब साल विसरते पण तिथी विसरत नाही. वहीतून साल आणि घरातून तिथी मिळाली की जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीख काढता येते.

सगळ्यांनाच अग्नी दिला जात नसे, हेही शोधताना विसरू नये. लिंगायत, महानुभाव, नाथ-गोसावी यांच्यात भूमीत ठेवण्याची चाल आहे. तान्ही मुले आणि देवीने गेलेले यांनाही इतर जातींत पुरत. मुसलमानांच्या कबरस्तानात हिजरी सनाचे शिलालेख मिळतात, आणि काझीच्या घरी निकाहाच्या नोंदी. हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे त्यात ठरावीक आकडा मिळवून इसवी सन निघत नाही, कोष्टकच पाहावे लागते.

आता हिंगोलीची चर्चची वही. हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत परभणीतच होती. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ते एक ठाणे. १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणीतल्या ख्रिस्ती अधिकाऱ्यांचे, त्यांच्या बायकामुलांचे मृत्यू चर्चच्या दफनवहीत नोंदले जात. रकाने गावच्या वहीपेक्षा नेटके : मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, हुद्दा, बरेचदा कारण, आणि अंत्यविधी करणाऱ्याची सही. ही सही पाद्र्याचीच असेल असे नाही. पाद्री दौऱ्यावर असला तर फौजेचा एखादा अधिकारी प्रार्थना वाचून सही करी. उष्ण हवेमुळे दोन तारखांत बहुधा एका दिवसाचेच अंतर. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरातही संक्षेप आहेत. विल्यम आणि जेम्स ही नावे दोन-तीन अक्षरांत उरकलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या कागदात लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. अशा वह्यांच्या नकला इलाख्याच्या धर्मखात्यामार्फत लंडनला जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हैदराबादकडच्या ठाण्यांसाठी शोध मद्रास इलाख्याच्या मालिकेपासून सुरू करावा. थडग्यांवरचे लेख ओ. एस. क्रॉफ्टन यांनी निजामाच्या राज्यातल्या स्मारकलेखांच्या यादीत १९४१ मध्ये छापून ठेवले, हे त्यांचे मोठेच उपकार. मूळ दगड झिजले किंवा हलले, तरी मजकूर टिकला. गावच्या वह्यांची अशी दुसरी प्रत कुणी सातासमुद्रापार नेऊन ठेवली नाही, आणि हा फरक त्यांच्या आजच्या अवस्थेत दिसतो.

कारण गावच्या दप्तराला गळती अनेक बाजूंनी लागली. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांबरोबर काही ठिकाणी सरकारी दप्तरेही जळाली. वंशपरंपरेचे पाटील-कुलकर्णी गेले, तेव्हा घरच्या माळ्यावर असलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे, तिथेच राहिले आणि कसर-वाळवीच्या स्वाधीन झाले. काजळाची शाई वर्षानुवर्षे फिकी पडत नाही, पण पावसाचे पाणी लागले की पसरते. शिवाय हद्दी बदलल्या. परतूर तालुका १९८१ मध्ये जालन्याला गेला. वसमत, कळमनुरी आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले. कागद माणसांबरोबर गेले की जुन्या मुख्यालयात राहिले, हे दोन्हीकडे विचारावे लागते. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षांखेरीज छत्रपती संभाजीनगरचे पुराभिलेखागार आणि हैदराबादच्या तारनाक्यातले राज्य अभिलेखागार ही दोन ठिकाणे परभणीच्या शोधात टाळता येत नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आहेत आणि त्यांत जातीचा रकाना नाही.

जुन्या वह्यांतला हा जातीचा रकाना आरक्षणाच्या प्रश्नामुळे अलीकडे एकदम महत्त्वाचा झाला. मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य सरकारने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. महसूल, भूमी अभिलेख, शाळांच्या प्रवेश-निर्गम वह्या, तुरुंग आणि पोलिसांची रजिस्टरे, दस्तनोंदणी यांच्याबरोबर जुनी जन्म-मृत्यू रजिस्टरेही तपासाच्या यादीत आली, आणि मोडी-उर्दू जाणणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यात बोलावणे आले. कित्येक रुमाल पहिल्यांदाच सुटले. या कामाचा राजकीय शेवट काहीही होवो, कागद हाताळले गेले, त्यांची छायाचित्रे निघाली, ही घराण्यांच्या इतिहासासाठी मोलाची गोष्ट घडली. पण तपास ‘कुणबी’ या एका शब्दाचा होता. त्या शब्दापुरत्याच ओळी वाचल्या गेल्या. माळी, धनगर, हटकर, महार, मांग, लिंगायत, मुसलमान यांच्या हजारो ओळी त्याच पानांवर वाचकाची वाट पाहत आहेत.

शोध घेणाऱ्याने घरातल्या ताज्या मृत्यूपासून एकेक पिढी मागे जावे, कुठल्या तरी प्रसिद्ध पूर्वजापासून खाली उतरू नये. प्रत्येक माणसासाठी किमान दोन वेगळ्या दप्तरांची साक्ष घ्यावी. मोडी शिकण्यासाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग आहेत, त्यांचा लाभ घ्यावा. आणि कचेरीतून नक्कल मागताना देवनागरी लिप्यंतरावर समाधान मानू नये, मूळ पानाचे छायाचित्र मागून घ्यावे. बाबाजीचा नानाजी एकदा झाला, की पुढच्या प्रत्येक दाखल्यात तो नानाजीच राहतो.